साडेतीन लिटर

दैवशालाचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि मी पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. दैवशाला माझ्यासारखीच कंत्राटी नर्स, भूमला असते. फोन केला की आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी विचारलं नाही.

"मंजुषा, कुठं हाईस? धाराशिवात का?"

"म्या कशाला धाराशिवात आसू? घरी हाय, ईटला."

"आगं बाई, तुझं नाव लागलंय की. वेटिंगमधली तिसरी तू. आज कागद तपासायचा शेवटचा दिस हाय, पाचच्या आत. मला वाटलं सकाळीच गेली आसशील."

निरोप गेला होता, पण माझ्या जुन्या नंबरवर. तो नंबर दोन वर्षांपूर्वी बंद पडला, आणि अर्जात तो बदलायचा असतो हे मला सुचलंच नाही. चूक माझीच. अकरा वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून कंत्राटावर राबले. दर अकरा महिन्यांनी नवा करार, आणि करार संपला की पुढचा होईपर्यंत जीव टांगणीला. पोरांना सुया टोचल्या, बाळंतिणींची वजनं केली, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून वस्त्या गाठल्या. कायमची नेमणूक म्हणजे काय ते मला विचारा. पुढच्या भरतीपर्यंत माझं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे जे काही होतं ते आज पाचपर्यंतच होतं.

ईटहून धाराशिव पंच्याऐंशी किलोमीटर. थेट बस सकाळी सातला असते. आता भूमला जाऊन गाडी बदलायची म्हटली तर सहाच्या आधी पोचणं नव्हतं.

आत जाऊन नवऱ्याला हलवलं. माझा नवरा रामलिंग. लिहिताना मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. समोर कधी जमलं नाही, निदान इथं तरी हौस फेडून घेते.

रामलिंग भूमच्या एका पतसंस्थेत वसुलीला आहे. लोक हप्त्यावर गाड्या घेतात आणि मग हप्ते थकवतात, त्या गाड्या ओढून आणायचं काम ह्याचं. पतसंस्थेचा नियम असा, की कर्ज फिटेपर्यंत गाडीची दुसरी चावी संस्थेच्या कपाटात राहणार. तीन हप्ते थकले की ती चावी रामलिंगच्या हातात येते. मग हा पहाटे त्या माणसाच्या दारात जातो, दार वाजवून नाव सांगतो, कागद दाखवतो आणि गाडी घेऊन येतो. चोरासारखी कधी आणली नाही. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. अशा कितीतरी दारांत त्यानं बायामाणसांना रडताना पाहिलंय, आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात बसलंय की आपण हप्त्यावर काही घ्यायचं नाही. चार वर्षांपूर्वी बार्शीच्या एका रिटायर मास्तरांकडून त्यानं जुनी एट हंड्रेड रोख घेतली. "आपली गाडी दारात झोपती आन् आपण घरात झोपतो. ज्याला हप्ता हाय त्याची गाडी बी जागी आन् त्यो बी जागा," हे त्याचं पेटंट वाक्य.

इथवर ठीक होतं. पण हप्ता वाचला म्हणून माणूस थांबला नाही, पेट्रोलच्या मागं लागला. गाडी जड झाली की जास्त पिते, म्हणून मागची सीट काढून माळ्यावर टाकली. स्टेपनी काढली, जॅक काढला. टाकी कधी भरायची नाही, कारण पेट्रोललाही वजन असतं. लागेल तेवढंच, तीन नाहीतर चार लिटर. पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही, लांबूनच पाय काढायचा. ब्रेक मारला की दोन रुपये रस्त्यावर सांडले असं समजायचं. त्या डब्यात बसून माहेरी जाणं म्हणजे बैलगाडीनं जाणं. मी पुष्कळदा त्याला सुनावलं. त्यावर त्याचं एकच, "चोवीसचं ॲव्हरेज देती. दुसऱ्या कुणाची देती का, इचार."

आणि आता टँकरवाल्यांच्या संपाचा तिसरा दिवस होता. सगळे पंप कोरडे, तोंडाला दोऱ्या बांधलेल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळायचं, तेही पहिल्याच दिवशी संपलं. गाडीची टाकी भरून ठेवणाऱ्यांनी ठेवली होती. आमच्या शहाण्याचं मात्र ठरलेलं, लागेल तेवढंच.

"गाडीत किती हाय?" मी विचारलं.

तो उठून बसला. सगळं ऐकून घेतलं. "साडेतीन लिटर," म्हणाला. अदमासे नाही. ह्या माणसाला काटा बघावा लागत नाही.

"पुरतंय का?"

"चोवीसनं चौऱ्याऐंशी. धाराशिवात शिरल्यावर एखादा किलोमीटर ढकलावी लागंल. पन्नासच्या वर न्हेता येणार न्हाय. आडीच वाजता निघालो तर सव्वाचारला पोचतो."

मी साडी बदलली नाही. सगळी मूळ कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये होती ती उराशी धरली आणि दोन वाजून अठरा मिनिटांनी आम्ही निघालो.

भूमपर्यंत मी गप्प बसले. खरंच बसले. काटा पन्नासवर, काचा अर्ध्या वर, कारण उघड्या काचेनं वारा गाडीला मागं ओढतो म्हणे. रस्त्यावर मोटारसायकली नव्हत्या, जीपा नव्हत्या, सगळं कसं ओस पडलेलं. पंक्चर झालं तर काय, हा विचार मनात आला की मी फाइल घट्ट धरायची. स्टेपनी घरी गोठ्यात पडलेली, तिच्यावर कोंबडी बसते.

भूमच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी, आणि वेग माणूस चालेल इतका. रामलिंग त्यांच्या मागं लागला आणि मागंच राहिला.

"काढा की पुढं."

"पुढं चढ हाय. चढावर गिअर टाकून मुसंडी मारायची म्हणजे पावशेर जातं. चढ संपला की काढतो."

"पावशेर काय दूध हाय व्हय?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि म्हणूनच माझा संताप होत होता. घड्याळात मिनिटं चालली होती आणि समोर उसाचे शेंडे हलत होते. वेगानं जावं तर पेट्रोल पुरत नाही, पेट्रोल पुरवावं तर वेळ पुरत नाही. असल्या कात्रीत मी आयुष्यात सापडले नव्हते. दहा मिनिटं आम्ही त्या ट्रॉल्यांची धूळ खाल्ली.

येरमाळ्याच्या अलीकडं एक लांब उतार आहे. उताराच्या तोंडाशी त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि चावी अर्धी फिरवून इंजिन बंद केलं. आमच्याकडं हे सगळेच करतात, टमटमवालेसुद्धा. उतार देवानं फुकट दिलाय, तिथं कशाला जाळायचं. गाडी आवाज न करता घरंगळायला लागली. नुसता टायरांचा आवाज. मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं, कारण काटा पन्नासवरून साठ, साठवरून सत्तरवर गेला, तोही फुकटात.

वळण संपलं आणि समोर ट्रकच ट्रक उभे. संपवाल्यांनी हायवेच्या तोंडाशी रस्ता अडवला होता.

रामलिंगनं ब्रेक दाबला. एकदा दाबला, थोडा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड. इंजिन बंद असलं की ब्रेकची ताकद जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. तो सीटवरून अर्धा उठला आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. समोरच्या ट्रकच्या मागं लिहिलेली अक्षरं मोठी होत गेली, आणि मग गाडी आडवी होऊन थांबली. माझ्या दारात आणि ट्रकमध्ये हातभर जागा होती.

मग मी म्हटलं, "पेट्रोल वाचलं का?"

"चूक झाली," तो म्हणाला. "वळणाच्या आदी चालू करायला पायजे हुतं."

माझ्या तोंडात अजून पुष्कळ होतं. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की गिळलं.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. संपवाले छोट्या गाड्या एकेक करून सोडत होते, चौकशा करून, भाषणं ऐकवून. रांग हातभर सरकायची आणि थांबायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, रामलिंगनं इंजिन चालू केलंच नाही. तो खाली उतरला आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून गाडी ढकलायला लागला. मी स्टिअरिंग धरलं. मला गाडी येत नाही, पण सरळ धरून ठेवायला काय लागतं. मागचे लोक हसत होते. मी खाली उतरून संपवाल्यांच्या पुढाऱ्याकडं गेले, फाइल दाखवली, हात जोडले. तो म्हणाला, "ताई, सगळ्यांचीच घाई हाय." चार वाजून आठ मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो.

अडतीस किलोमीटर राहिले होते. पन्नासनं गेलं तर धाराशिवच्या वेशीवर पाच वाजणार. पुढं गर्दी, ऑफिस शोधणं, जिना.

"आता पळवा," मी म्हटलं.

"पळवली तर पोचणार न्हाय. दीड लिटर बी न्हाय आता."

"आन् न्हाय पळवली तर पोचून उपेग न्हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणून त्यानं पाय दाबला. साठ, सत्तर, पंचाहत्तर. चार वर्षांत त्या गाडीनं हा आकडा स्वतःच्या पायांवर पाहिला नव्हता. काचा खडखडायला लागल्या, पत्रा वाजायला लागला. तो सारखा ओठ चावत होता. मला वाटतं त्याला प्रत्येक थेंब जाताना दिसत होता. येडशी मागं पडली तेव्हा चार चोवीस. जमतंय की काय असं मला वाटायला लागलं आणि मी मनातल्या मनात भवानीला साडी बोलले.

धाराशिव नऊ किलोमीटरचा दगड दिसला आणि गाडीनं पहिला गचका दिला. दुसरा दिला. रामलिंगनं लगेच न्यूट्रल टाकला आणि आहे त्या वेगावर जाऊ दिली. जाईल तिथवर गेली, कडेला घेतली, थांबली.

चार तेहतीस.

आम्ही दोघं उतरलो आणि हात करायला लागलो. एक बस आली, दारापर्यंत भरलेली, तशीच गेली. मोटारसायकल आली ती थांबली, पण तिच्यावर आधीच तिघं होते. मोठ्या गाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या. हायवेवर कोण कुणासाठी थांबतं. चार सदतीस झाले. मी फाइल हातात धरून चालायला लागले. वेडेपणाच होता, नऊ किलोमीटर कोण चालणार, पण उभं राहवत नव्हतं.

मागून पांढरी सात सीटची गाडी आली. रामलिंगनं हात केला. गाडी हळू झाली, अगदी थांबायला आली. मग आतल्या माणसानं रामलिंगचं तोंड पाहिलं. गाडीनं एकदम उसळी मारली आणि माझ्या अंगावर धुरळा उडवत निघून गेली.

"रणधीर," रामलिंग म्हणाला. "रणधीरच हाय. गाडीचा नंबर पाठ हाय मला."

रणधीर भूमचा. तुळजापूरला भाविक नेण्या-आणण्यासाठी त्यानं ती गाडी कर्जावर घेतली होती. पाच हप्ते थकवून तो गाडीसकट बेपत्ता झाला. चार महिने रामलिंग त्या गाडीची दुसरी चावी खिशात घेऊन त्याच्या मागावर होता, फोन केले तर तो उचलत नव्हता. येडशीला सासरवाडीत लपलाय असा संशय होता. आणि आज रस्त्यात उभं राहून हात करणाऱ्या वसुलीवाल्याला बघून त्याला दुसरं काय वाटणार? माझ्या नवऱ्याला जिल्ह्यात जेवढे गाडीवाले ओळखतात, त्यातला एकही त्याच्यासाठी थांबणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"नंबर सांगा त्याचा."

"उचलत न्हाय त्यो."

"तुमचा उचलत न्हाय. सांगा."

माझ्या फोनवरून लावला. त्यानं उचलला. मी एका दमात बोलले. "रणधीरभाऊ, म्या मंजुषा सिस्टर. तुमच्या लेकीला गोवराची सुई दिल्ती म्या, भूमला. मला पाचच्या आत धाराशिवात कागद द्यायचेत, नौकरीचं काम हाय, पेट्रोल संपलंय. मला एकटीला सोडा."

पलीकडं गाडीचा आवाज. मग तो म्हणाला, "सिस्टर, तुमचे मालक हायेत तिथं."

"हायेत. ते न्हाईत येणार. मी एकटी."

"बाईमाणसाला पुढं करून गाडी धरत्यात, मला ठावं हाय. माझ्या गाडीची दुसरी चावी हाय त्यांच्या खिशात. तुम्ही दार उघडून बसणार आन् हे मागनं येऊन चावी लावणार."

"न्हाय हो भाऊ."

"मग ती चावी घिऊन या. माझ्या हातात द्या. मी पुढं अर्ध्या किलोमीटरवर थांबतो, पुलाच्या अलीकडं. त्यांना म्हणावं गाडीच्या टपावर दोन्ही हात ठिवून हुबं ऱ्हावा. मला आरशात दिसले पायजेत. हलले की मी गेलो."

फोन स्पीकरवर होता. रामलिंगनं सगळं ऐकलं. त्याचा हात पँटच्या खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"ती चावी माझी न्हाय," तो म्हणाला. "संस्थेची हाय. सही करून घेतलीया म्या."

"मला ठावं हाय."

"मी ती दिली तर गाडी गेली. परत कवाच घावायची न्हाय. चौदा वर्षांत म्या..."

"तुमची चौदा वर्षं," मी म्हटलं, आणि मग मला आवरलंच नाही. "आन् माझी अकरा? माझी कुणी मोजायची? ह्या दलिंदर गाडीत लिटरभर जास्त घालून ठिवलं आसतं तर आज कुणाची चावी मागावी लागली नसती. एक लिटर. शंभर रुपये. तेवढ्यासाठी माझं जलमाचं जाणार, आन् तुम्ही मला सही सांगता?"

असं मी त्याला कधी बोलले नव्हते. तो उभाच राहिला. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, पण मी नजर काढली नाही. चार बेचाळीस झाले होते. मी मागितली असती तर बरं, असं नंतर वाटलं. मी मागितली नाही, मी त्याला गुन्हेगार केलं.

त्यानं खिशातून चावी काढली. तिला पिवळी चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर गाडीचा नंबर आणि त्याची स्वतःची सही. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं मिटवली आणि म्हणाला, "पळ."

मग तो वळला आणि एट हंड्रेडच्या टपावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. पोलिसांनी धरलेला माणूस उभा राहतो तसा. हायवेवरून जाणारी माणसं काचेतून त्याच्याकडं बघत होती. मी पळाले. चपला तिथंच काढल्या. एकदा मागं पाहिलं तर तो तसाच, मानसुद्धा वळवली नव्हती.

रणधीरनं दार उघडण्याआधी काच खाली करून हात पुढं केला. मी चावी दिली. त्यानं चिठ्ठी वाचली, चावी दातात धरली आणि कुलूप काढलं. आत थंडगार होतं, सीटवर प्लास्टिक अजून तसंच. काटा एकशे दहावर गेला. रणधीर सारखा आरशात बघत होता. धाराशिव जवळ आल्यावर म्हणाला, "सिस्टर, गाडी गेली तर माझं घर बसतं. दोन ट्रिपा रोजच्या मिळत्यात. म्या पैसे बुडवणारा माणूस न्हाय."

"त्यांना सांगायचं हुतं तसं," मी म्हटलं.

"सुरवातीला सांगितलं हुतं. ते म्हणले, ऑफिसात येऊन सांग."

त्यानं मला फाटकाशी सोडलं आणि इंजिन बंदही न करता निघून गेला. चार त्रेपन्न. मी अनवाणी जिना चढले. टेबलावरच्या बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. माझ्या पायांकडं त्यांनी पाहिलं, कुलूप परत काढलं आणि एकेक कागद मागायला लागल्या. दहावीचं, कोर्सचं, जातीचं, अनुभवाचं. अनुभवाच्या दाखल्यावर त्यांनी वर्षं मोजली. मग पोहोच लिहिली, शिक्का मारला, तारीख आणि वेळ घातली. चार सत्तावन्न.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रामलिंगला फोन लावला.

"झालं," मी म्हटलं.

"शिक्का दिला का?"

"दिला."

"नाव बरोबर लिवलंय का? नीट बघ."

"बरोबर हाय." मग मी म्हटलं, "चावीचं काय करायचं? हरवली म्हणून सांगायचं का? पडली म्हणावं खिशातनं, ढकलताना."

"मी उमाशंकर साहेबांना सांगितलं. चावी म्या माझ्या हातानं दिली म्हणून."

उमाशंकर साहेब म्हणजे त्याच्या पतसंस्थेचे मॅनेजर.

"कवा सांगितलं?"

"तू गाडीत बसलीस, गाडी दिसंना झाली, तवाच लावला फोन. तुझं काम झाल्याचं कळल्यावर माझी जीभ रेटली नसती. आधीच सांगून टाकलं."

"मग काय म्हणले?"

"उद्यापासनं येऊ नका म्हणले."

माझ्या हातात शिक्क्याचा कागद होता आणि तो मला जड लागत होता. ज्या माणसानं आयुष्यात चार रुपये उधळले नाहीत, त्यानं आपली चौदा वर्षं माझ्या तळहातावर ठेवली होती, तीही माझ्या शिव्या खाऊन. आणि मी शंभर रुपयांचा हिशेब त्याच्या तोंडावर मारला होता.

येडशीकडं जाणारी बस साडेपाचला मिळाली. कंडक्टरला हात जोडून मी त्या दगडापाशी उतरले. दिवस मावळतीला आला होता. माझ्या चपला रामलिंगनं गोळा करून बॉनेटवर ठेवल्या होत्या. तो गाडीत बसला होता, काच खाली करून, दोन्ही हात मांडीवर.

मी पोहोच त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजेडाकडं धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. परत एकदा वाचली. घडी घालून माझ्या फाइलमध्ये ठेवली. मी वाट बघत होते, की तो आता माझ्यावर ओरडेल, किंवा मला माफी मागू देईल. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

"तिकीट किती पडलं?" त्यानं विचारलं.

"अर्धंच घेतलं. बायांना अर्धंच हाय की."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसले आणि रडायला लागले.